अभिजात कादंबरीची उलटतपासणी

गाजलेल्या जुन्या कादंबरीतली माणसं घेऊन कुणी रहस्यकादंबरी लिहिली की वाचकांमध्ये ठरलेलं भांडण जुंपतं. एक गट म्हणतो, हा आयत्या बिळावरचा नागोबा. ज्या घराची एक वीटही याने रचली नाही, त्या घराच्या दिवाणखान्यात प्रेत टाकलं आणि दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावली. दुसरा गट समजुतीच्या सुरात म्हणतो, असू द्या हो, त्या निमित्ताने चार लोक मूळ पुस्तकाकडे तरी वळतील. पहिल्या गटाचा राग समजण्यासारखा आहे. दुसऱ्याची दया मात्र चालवून घेऊ नये, कारण तिच्या लेखी रहस्यकथेची किंमत कडू गोळीवरच्या साखरेएवढीच आहे. गंमत म्हणजे दोघांचं मुळात एकमतच आहे: अभिजात कृती माडीवर, रहस्यकथा जिन्याखाली. वाद फक्त जिन्याखालच्याला वर येऊ द्यायचं की नाही एवढाच.

माझं म्हणणं असं. मोठ्या कृतीत कुठेतरी फट असते. कुणीतरी अर्धवट बोलून गप्प झालेलं असतं, कुणाला तरी एक प्रश्न विचारायचा राहून गेलेला असतो, एखादा मेलेला माणूस बिननावाचा पडलेला असतो. त्या फटीत बोट घालून जी रहस्यकादंबरी उभी राहते, ती मूळ कृतीचं सगळ्यांत कडक वाचन असते. समीक्षकाला ‘असंही म्हणता येईल’ म्हणून पुढे सरकता येतं. रहस्यलेखकाला ती मुभा नाही. त्याला वार, वेळ, अंतर आणि कुणाच्या हातात काय होतं हे सांगावंच लागतं. आणि ‘एवढं प्रकरण संपवतो आणि झोपतो’ म्हणत पहाटेपर्यंत जागवणारी ओढ ही या वाचनाला चिकटलेली स्वस्त करमणूक नव्हे, त्या ओढीवरच हे वाचन चालतं. फटीचा पत्ता नाही, नुसते जुने पोशाख चढवून उभे केलेले खून आहेत, अशी पुस्तकंही पुष्कळ निघतात आणि ती टाकाऊ असतात. पण टाकायची तर योग्य कारणासाठी टाकावीत.

विरोधकांच्या आक्षेपांत दम नाही असं कुणी समजू नये. पहिला आक्षेप पैशाचा. इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टिन १८१७ साली वारली. तिच्या पात्रांवर आता कुणाचा हक्क नाही, परवानगी नको, मानधन नको. तिच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चा नायक डार्सी, त्याचं नाव घेतलं की ओळख करून देण्याची पन्नास पानं वाचतात आणि गिऱ्हाईक मुखपृष्ठ बघूनच खिशात हात घालतं. हे सगळं खरं आहे. पण पोटासाठी लिहिलेलं ते वाईट असा हिशोब मांडायचा तर कादंबरीच्या महिन्याच्या हप्त्यांवर जगलेला डिकन्स आधी बाद करावा लागेल. तेव्हा हा मुद्दा मान्य करून बाजूला ठेवू.

दुसरा आक्षेप कारागिरीचा आहे. तो फारसा कुणी घेत नाही, वास्तविक तोच जड आहे. रहस्यकथेत प्रत्येक माणूस संशयित असायला हवा. पण उसन्या घरातल्या काही माणसांना अभय मिळालेलं असतं. डार्सी खुनी निघणार नाही, त्याची बायको एलिझाबेथ मरणार नाही, हे वाचकाला पहिल्या पानावरच ठाऊक असतं. मग उरतं कोण? लेखकाने नव्याने भरती केलेली मंडळी: नवा कारभारी, नवा वकील, गावात नुकती आलेली विधवा. त्यामुळे अशा बऱ्याच कादंबऱ्यांत खुनी ओळखायला डोकं लागत नाही. मूळ पुस्तकात कोण नव्हतं तेवढं आठवलं की झालं. दुसरीकडे जुनी पात्रं चपटी होतात. मूळ कादंबरीत जिचं एकेक वाक्य सुईसारखं टोचतं, ती बाई इथे ‘नऊ वाजता मी खिडकीपाशी बसले होते’ एवढं सांगण्यापुरती उरते.

पी. डी. जेम्स या कसलेल्या रहस्यलेखिकेने २०११ साली, वयाच्या ९१व्या वर्षी, ‘डेथ कम्स टू पेम्बर्ली’ लिहिली तेव्हा तिला हे पक्कं ठाऊक असणार. एलिझाबेथला खुनाच्या भानगडीत ओढल्याबद्दल तिने सुरुवातीलाच ऑस्टिनच्या आत्म्याची माफी मागितली आहे. गोष्ट १८०३ सालची. डार्सी-एलिझाबेथच्या लग्नाला सहा वर्षं झाली आहेत, दुसऱ्या दिवशी डार्सीच्या पेम्बर्ली या वाड्यात मोठा नाच आहे, रात्री वादळात एक घोडागाडी भरधाव येते आणि तिच्यातून एलिझाबेथची बहीण लिडिया किंचाळत उतरते: तिच्या नवऱ्याला, विकमला मारलं. लोक रानात जाऊन पाहतात तर विकम जिवंत आहे, रक्ताने माखलेला, आणि त्याच्यासमोर कॅप्टन डेनीचं प्रेत.

हा डेनीच का? मूळ कादंबरी नीट आठवणाऱ्याला इथे दाद द्यावी लागते. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये डेनी म्हणजे मेरिटनच्या पलटणीतला एक हसरा अधिकारी; विकमला लंडनहून गावात आणतो तोच. पुढे विकम लिडियाला घेऊन पळतो, तेव्हा डेनीच्या तोंडून एक वाक्य निसटतं: विकमचा स्कॉटलंडला (पळून जाऊन लग्न करणारे तिथे जात) जायचा किंवा तिच्याशी लग्न करायचाच विचार नसावा. पलटणीचा प्रमुख कर्नल फॉर्स्टर लगेच त्याला गाठतो. तर आता डेनी म्हणतो, मला काहीच ठाऊक नाही. ऑस्टिन तिथून पुढे निघून जाते. तिला त्याची गरज संपलेली. पण ज्याची नजर साक्षीदारावर असते त्याला हे दिसल्याशिवाय राहील का? पुष्कळ काही माहीत असलेला, एकदा बोललेला आणि मग जीभ आवरलेला मित्र. दोनशे वर्षांनी जेम्सने नेमकं त्याचंच प्रेत रानात ठेवलं. ‘आयत्या बिळावर’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना डेनीचं ते वाक्य आठवत होतं?

विकमवर संशय येतो तोही हवेतला नाही, त्याच्या पैशांचा जमाखर्च मूळ कादंबरीतच आहे. डार्सीच्या वडिलांनी मृत्युपत्रात ठेवलेले १,००० पौंड, पाद्र्याची नेमणूक सोडून देण्याबद्दल घेतलेले ३,००० पौंड, ते उडवून झाल्यावर ३०,००० पौंड स्त्रीधन असलेल्या पंधरा वर्षांच्या जॉर्जियानाला, डार्सीच्या बहिणीला, पळवण्याचा बेत. तो फसल्यावर लिडिया. तिच्याशी लग्न लावायला डार्सीने फेडलेलं हजारावर पौंडांचं कर्ज, आणखी हजार आणि वर लष्करातली जागा. दर खेपेला हा माणूस कुणाचं तरी बिंग किंवा अब्रू हातात धरून पैसे उकळतो. सरकारी वकिलाला याहून चांगला कागद कुठे मिळणार?

तरीही ही कादंबरी अर्धीच जमली आहे, आणि का ते सांगायला हवं. कायद्याची बाजू चोख आहे. १८०३ मध्ये पोलीस खातं नव्हतं, लंडनचं पोलीस दल १८२९ चं. स्थानिक मॅजिस्ट्रेटच तपास करायचा. डार्सी स्वतः मॅजिस्ट्रेट, पण प्रेत त्याच्याच जमिनीवर सापडल्याने त्याला बाजूला व्हावं लागतं आणि शेजारच्या सर सेल्विन हार्डकॅसलला बोलवावं लागतं. खुनाच्या आरोपीच्या वकिलाला ज्युरीपुढे भाषण करायची परवानगी १८३६ पर्यंत नव्हती, आरोपीला शपथेवर साक्ष देता येत नव्हती, वरचं अपील कोर्टही नव्हतं. म्हणजे विकमसारख्या बोलघेवड्याला बचावासाठी उरली फक्त स्वतःची जीभ, आणि तीही शपथेचं वजन नसलेली. इतका सुंदर पेच हाताशी असताना शेवटी उलगडा कसा होतो? कबुलीजबाबाने. तपासातून निघालेल्या तर्काने कुणी तिथवर पोचत नाही. ज्याला माहीत आहे तो सांगतो आणि पडदा पडतो. शिवाय ज्यांना अभय होतं त्यांच्यावरून संशयाचा वारासुद्धा जात नाही. फट नेमकी सापडली, पण बोट आत घालायला जेम्स कचरली, बहुधा ऑस्टिनवरच्या प्रेमापोटी. म्हणजे या पुस्तकाचा दोष मूळ कृतीची बेअदबी केली हा नाही. अदब फार राखली हा आहे.

तिसरा आक्षेप तात्त्विक आहे आणि सुशिक्षित वाचक त्यावर ठाम असतात. अभिजात कृती प्रश्न उघडा ठेवते म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जगते. रहस्यकथा शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना खोलीत बसवून तो बंद करते. उत्तर मिळालं की कृती मेली. यात तथ्य आहे, आणि त्याचा विनोदी पुरावाही आहे. डिकन्स ९ जून १८७० रोजी वारला तेव्हा ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’चे ठरलेल्या बारापैकी सहाच हप्ते लिहून झाले होते. त्यानंतर खुनी कोण, खून झाला तरी का, यावर इतकी पुस्तकं आली की मूळ अर्धी कादंबरी त्यांच्या ढिगाखाली गेली. ७ जानेवारी १९१४ रोजी लंडनमध्ये कॉव्हेंट गार्डनच्या किंग्ज हॉलमध्ये कादंबरीतला मुख्य संशयित जॅस्पर याच्यावर चक्क खटला चालवला गेला. न्यायाधीश लेखक जी. के. चेस्टरटन, ज्युरीचा मुख्य नाटककार बर्नार्ड शॉ. शॉने ज्युरीतर्फे सदोष मनुष्यवधाचा निकाल सुनावला आणि चेस्टरटनने कोर्टाचा अवमान केला म्हणून स्वतः सोडून सगळ्यांना दंड ठोठावला. शहाण्या माणसांनी दुसरं करायचं तरी काय?

पण उत्तर दिलं की कृती मरते, हा नियम सगळीकडे लागू आहे का? मग सोफोक्लीसचं ग्रीक नाटक ‘ईडिपस’ केव्हाच मेलं पाहिजे होतं. राजाचा खून झाला, नवा राजा तपास करतो आणि खुनी तोच निघतो. उत्तर प्रेक्षकाला पडदा उघडण्याआधीच ठाऊक. त्यातही सोफोक्लीसने एक फट ठेवली आहे. खुनाच्या जागेवरून वाचून आलेला एकमेव साक्षीदार म्हणाला होता, हल्ला करणारे लुटारू पुष्कळ होते. ईडिपसची सगळी आशा त्या अनेकवचनावर लटकलेली: एक म्हणजे पुष्कळ नव्हे. त्या म्हाताऱ्या धनगराला बोलावणं जातं ते एवढंच विचारायला. धनगर येतो. तोवर चौकशी दुसऱ्याच वाटेला लागलेली असते, ती टाकून दिलेल्या बाळाच्या, म्हणजे खुद्द ईडिपसच्या जन्माच्या. आणि ‘एक की पुष्कळ’ हा प्रश्न त्याला कुणी विचारतच नाही. अडीच हजार वर्षं तो तिथे तसाच पडून आहे. म्हणजे पूर्ण उलगडा झालेल्या गोष्टीतही प्रश्न शिल्लक राहू शकतो. त्यासाठी लेखकाची धार हवी.

ही धार अल्जीरियन लेखक कमेल दाऊदकडे आहे. फ्रेंच लेखक कामूची १९४२ सालची कादंबरी, जी आपल्याकडे ‘द आउटसायडर’ या इंग्रजी नावाने वाचली जाते, तिच्यात मेर्सो भर दुपारी समुद्रकिनाऱ्यावर एका अरबाला गोळी घालतो आणि पडलेल्या देहात आणखी चार झाडतो. खटला चालतो तो मात्र जणू आईच्या अंत्यविधीला तो रडला नाही याबद्दल. त्या अरबाचं नाव कादंबरीभर कुठेही नाही. या विषयावर जगभर खंडच्या खंड लिहिले गेले: सूर्य, निरर्थकता, ईश्वर. मेलेला कोण, हा पोलीस चौकीत पहिला विचारला जाणारा प्रश्न. तो एवढ्या दिग्गजांनी किती जोर लावून विचारला? दाऊदच्या कादंबरीचं नावच ‘मेर्सो, प्रतितपास’ असं आहे. ती २०१३ मध्ये अल्जीरियात आणि पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये निघाली. ओरानच्या एका बारमध्ये हारून नावाचा म्हातारा बसून सांगतो: तो माझा भाऊ, त्याचं नाव मूसा. पहिलंच वाक्य कामूच्या पहिल्या वाक्याला आडवं जातं. तिथे आई आज मेली. इथे आई अजून जिवंत आहे.

इथवर ही न्यायाची मागणी झाली, आणि दाऊद इथेच थांबला असता तर पुस्तक प्रचारकी झालं असतं. पुढे कळतं की हारूननेही खून केला आहे. १९६२ च्या जुलैत, देश नुकताच स्वतंत्र झाला असताना, रात्री दोन वाजता, आईच्या डोळ्यांदेखत एका फ्रेंच माणसाचा. मेर्सोने दुपारी दोनला, याने रात्री दोनला. हारूनला पकडतात. अधिकारी त्याच्यावर संतापतो तो खून केला म्हणून नाही, तारीख चुकली म्हणून: हाच फ्रेंच माणूस थोडे दिवस आधी, लढाई चालू असताना का नाही मारलास? एका कोर्टाला आईसाठी न गाळलेले अश्रू दिसले, दुसऱ्याला कॅलेंडर दिसलं. मेलेला माणूस दोन्हीकडे गौण. सांगा, खुनी कोण हे पहिल्या प्रकरणापासून माहीत असलेल्या या ‘रहस्यकथे’ने कामूचं दार बंद केलं की आजवर न दिसलेलं दुसरं उघडलं?

यावर काहींचं शेवटचं ठेवणीतलं उत्तर असतं: ठीक आहे, पण अभिजात कादंबरी मुळात सुगावे शोधत वाचायचा प्रकार नव्हे. असं? मग ऑस्टिनचीच ‘एमा’ काढू. फ्रँक चर्चिल निव्वळ केस कापायला सोळा मैलांवरच्या लंडनला जाऊन येतो. गाव हसतं, केवढा हा छानछोकीपणा! थोड्याच दिवसांत गरीब बेट्सबाईंच्या घरी लंडनच्या ब्रॉडवुडकडून त्यांच्या भाचीसाठी, जेन फेअरफॅक्ससाठी पियानो येऊन पडतो, पाठवणाऱ्याचं नाव नाही. जेन भर पावसात स्वतः टपाल आणायला जाते आणि ते काम दुसऱ्याला करू देत नाही. मग एकदा फ्रँक बोलून जातो की डॉक्टरसारखी कामं करणारे पेरी गाडी ठेवणार होते ना? हे त्याला कुणी कळवलं? तो म्हणतो, सावत्र आईच्या पत्रात होतं. ती म्हणते, मी लिहिलं नाही. मग म्हणतो, स्वप्न पडलं असेल. आणि बडबड्या मिस बेट्स भाबडेपणाने सांगून टाकतात की ही गोष्ट फक्त आमच्या आणि कोल मंडळींच्या घरात गुपित म्हणून ठाऊक होती. संपलं! फ्रँक आणि जेन यांचा चोरून पत्रव्यवहार आहे, हे वाचकाला इथे सिद्ध करता येतं. नायिका एमाला, आणि पहिल्यांदा वाचणाऱ्या जवळपास सगळ्यांना, कळत नाही. प्रेत नाही, पिस्तूल नाही, पण सुगाव्यांची मांडणी अशी की तरबेज रहस्यलेखकाने तोंडात बोट घालावं. जेम्सने ‘एमा’ ही तपासकथा म्हणून कशी वाचता येते यावर भाषणच दिलं होतं. तेव्हा रहस्य बाहेरून आणून लादलं जातं ही समजूतच कच्ची आहे.

आणि हे सगळं इंग्लंड-फ्रान्सचं झालं म्हणून आपण हात झटकायचं कारण नाही. शूद्रकाचं संस्कृत नाटक मृच्छकटिक घ्या, देवलांनी संगीत करून मराठी घराघरांत पोचवलेलं. १९०९-१०च्या सुमारास टी. गणपतिशास्त्री यांना त्रिवेंद्रमजवळ भासाची म्हणून जी नाटकं सापडली, त्यांत एक ‘चारुदत्त’ आहे. चारच अंकांचं. बहुतेक अभ्यासक मानतात की शूद्रकाचं दहा अंकी मृच्छकटिक त्यावरून वाढवलेलं आहे (उलटं मानणारेही आहेत, पण ती बाजू लहान आहे). भासाचे चार अंक गणिका वसंतसेना गरीब ब्राह्मण चारुदत्ताकडे निघते तिथे संपतात. म्हणजे बदललेल्या गाड्या, उद्यानात आवळलेला गळा, खोटी फिर्याद, न्यायालय आणि सुळाची वाट, हे सारं नंतरच्या माणसाने जुन्या प्रेमकथेला जोडलेलं. आजच्या भाषेत, अभिजात कृतीवर बेतलेलं गुन्हेनाट्य. त्याला कुणी नागोबा म्हणालं का?

त्याची कारागिरी तर बघा. चोर शर्विलक चारुदत्ताच्या घराची भिंत फोडतो त्या अंकात चोराचं पाठ्यपुस्तकच आहे: पक्क्या विटा ओढून काढायच्या, कच्च्या कापायच्या, मातीच्या गोळ्यांची भिंत पाणी शिंपून भिजवायची, लाकडाची फोडायची. इथे पक्क्या विटा, म्हणून पूर्णकुंभाच्या आकाराचं भगदाड शोभेल असं तो ठरवतो. मापाची दोरी घरी विसरली, तर जानव्याने मापं घेतो. नवव्या अंकात राजाचा मेहुणा शकार, ज्याने स्वतःच वसंतसेनेचा गळा आवळला आहे, फिर्याद द्यायला येतो आणि दागिन्यांसाठी कुणीतरी वसंतसेनेचा गळा दाबला म्हणता म्हणता ‘मी नाही’ असं बोलून जिभेला चावतो. कायस्थ, म्हणजे कोर्टाचा लेखनिक, ते लिहून घेतो. शकार पायाने ती अक्षरं पुसतो. पहिला कबुलीजबाब जमिनीवर लिहिला गेला आणि कोर्टाच्या डोळ्यांदेखत पुसला गेला, तरी फासात मान जाते चारुदत्ताची; कारण त्याचा मित्र मैत्रेय याच्या काखेतून ऐन वेळी तिचे दागिने खाली पडतात. खोटा पुरावा खऱ्या वस्तूंनी कसा उभा राहतो याचा इतका नेमका धडा क्वचित मिळेल.

आपला दुटप्पीपणा इथे उघडा पडतो. आगरकरांनी १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं, देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला, शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मागे लिअर उभा आहे, हे आपण कौतुकाने सांगतो. गो. ना. दातारांनी इंग्रज लेखक रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांना मराठी अंगरखा चढवून पिढ्यांना खिळवलं, बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहून लायब्ररीच्या दारात रांगा लावल्या. त्यांच्या वाट्याला वाङ्मयेतिहासात काही ओळी येतात. उसनं घेणं हा गुन्हा असेल तर तो सगळ्यांना लागू करा. ते आपण करत नाही, म्हणजे आपला आक्षेप उसनवारीवर नाहीच. तो वाचकाला खिळवून ठेवण्यावर आहे. पान उलटायची घाई झाली की आपल्याला काहीतरी पाप केल्यासारखं का वाटावं?

मग चांगली कुठली आणि टाकाऊ कुठली हे ओळखायचं कसं? इंग्रज रहस्यलेखक रोनाल्ड नॉक्सने १९२९ साली घालून दिलेल्या दहा नियमांतला पहिला होता: गुन्हेगार गोष्टीच्या सुरुवातीच्या भागातच वाचकाला दिसलेला हवा. अभिजात कृतीवर बेतलेल्या रहस्यात ‘सुरुवातीचा भाग’ म्हणजे मूळ कृतीच, असं मी धरतो. खुनाचं बीज तिथे बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. पण निर्णायक सुगावा फक्त मूळ पुस्तकात असेल तर ते न वाचलेल्यावर अन्याय, तेव्हा ते वाक्य नव्या कादंबरीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात साक्षीच्या कागदासारखं पुढे ठेवायला हवं. काळाचं भान तर हवंच. १८०३ च्या गोष्टीत कुणी आर्सेनिक खात्रीने ओळखलं तर पुस्तक मिटावं, ते विष ओळखणारी मार्शची चाचणी १८३६ ची. बोटांच्या ठशांचं पहिलं कार्यालय कलकत्त्यात १८९७ मध्ये निघालं. आणि लेखकाने कुणाला काय केव्हा कळलं याचा तक्ता केला आहे की नाही हे शेवटच्या पन्नास पानांत लपत नाही. तक्ता नसला की दारात अचानक पत्र येतं, मरणाऱ्याला वाचा फुटते, किंवा मुख्य पात्राला ‘आतून जाणवतं’. मूळ आधी वाचावं का? मूळ तीनशे पानांच्या आत असेल तर आधी, नाहीतर रहस्य आधी वाचायला कसलीही हरकत नाही. डेनीकडे लक्ष ठेवून वाचलेली ऑस्टिन पहिल्या वाचनातही पुष्कळ देते.

या कामाला लागणारी नजर मराठीत नाही असं कोण म्हणेल? इरावती कर्व्यांच्या महाभारतावरच्या ‘युगान्त’मध्ये धर्म, म्हणजे युधिष्ठिर, विदुराचा मुलगा असेल का, असा प्रश्न आहे. त्या तो नियोगाच्या रूढीवरून, दोघांच्या यमधर्माशी असलेल्या नात्यावरून आणि वनात मरताना विदुर युधिष्ठिराच्या देहात शिरतो त्या प्रसंगावरून उभा करतात, आणि निकाल न देता ठेवतात. ही तपासाचीच रीत आहे. पुण्यात भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, म्हणजे साक्षीतला भेसळीचा भाग वेगळा काढून दिला. तिच्यात मयसभा काढून बघा. दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा निवेदकाच्या सांगण्याप्रमाणे हसतात ते नोकरचाकर, भीम, अर्जुन आणि नकुल-सहदेव. ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ हे वाक्य तिथे नाही. पण दुर्योधन बापाकडे तक्रार नेतो त्यात हसणाऱ्यांची यादी निराळी: कृष्ण आणि अर्जुन मोठ्याने हसले, द्रौपदी स्त्रियांसह हसली. आणि निवेदकाच्या हिशोबाने कृष्ण त्याआधीच द्वारकेला निघून गेलेला आहे! फिर्यादीने नसलेला माणूस आरोपींत घातला. चुकून? मुद्दाम? शकुनी तेव्हा त्याच सभेत मुक्कामाला होता. त्याने काही पढवलं? पुढे भर सभेत द्रौपदीचं जे झालं त्याचं समर्थन आजही ज्या हसण्यावरून केलं जातं, त्याचा मूळ साक्षीदार हा एवढाच.

आणि मृच्छकटिकातलं ते प्रेत. वसंतसेना मेलेली नाही, भिक्षूने तिला वाचवलं आहे. तरी न्यायालयाने पुष्पकरंडक उद्यानात पाठवलेला पहारेकरी वीरक परत येऊन सांगतो की श्वापदांनी तोडलेलं बाईचं कलेवर मी पाहिलं. बाईचंच हे कशावरून? उरलेल्या केसांवरून, हातापायांवरून. त्यावर आणि त्या दागिन्यांवर चारुदत्ताला सुळी द्यायचं ठरतं. कवी बेसावध नाही. आठव्या अंकात शकाराकडे परतणारा त्याचा सोबती विट वाटेत पाहतो की झाड कोसळलं आहे आणि त्याखाली एक बाई मेली आहे. त्याला तो अपशकुन वाटतो, तो पुढे जातो. दहाव्या अंकात सगळ्यांची सोय लागते: दुसरा पहारेकरी चंदनक याला अधिकार मिळतो, भिक्षू विहारांचा मुख्य होतो, गुलाम सुटतो, शकारालासुद्धा माफी मिळते. झाडाखालच्या बाईचं नाव दहा अंकांत कुणाच्या तोंडी नाही. त्या दिवशी राजाच्या मेहुण्याच्या उद्यानाजवळ ती एकटी कशाला आली होती, झाड आपसूक पडलं की पाडलं, घरी तिची कुणी वाट पाहत होतं का, यातलं काहीही न्यायाधीशाने वीरकाला विचारलं नाही.